रात्री एक वाजता, निळ्या प्रकाशात

४ ऑगस्ट २००४. रात्रीचा एक वाजलाय. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधक एडवर्ड बॉयडेन सूक्ष्मदर्शकावर ओणवा झालाय आणि तुम्ही त्याच्या मागे उभे आहात.

खाली बशीत उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशी वाढवल्या आहेत. काचेच्या पोकळ सुईचं टोक, केसापेक्षा कितीतरी बारीक, एका पेशीला टेकतं. नळीतून हलकेच हवा ओढली की पेशीचं पटल सुईला घट्ट चिकटतं. पडद्यावरची रेघ उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास स्थिरावते. पेशी शांत आहे.

तिला बोलतं करायला आजवर वीज वापरली गेली. पण मेंदूत तार खुपसून वीज सोडणं म्हणजे चाळीच्या चौकातून एकाला हाक मारावी आणि सगळ्या मजल्यांनी ओ द्यावी. नेमक्या एकाच जातीच्या पेशी जागवता याव्यात, बाकीच्यांना धक्का न लावता, ही गरज शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ मध्येच मांडली होती. बॉयडेनचा सहकारी कार्ल डायसेरॉथ मनोविकारतज्ज्ञ आहे. अशा नेमकेपणाची निकड त्याला रुग्णांकडे पाहून रोज जाणवते.

उत्तर आलंय डबक्यातून. क्लॅमिडोमोनास नावाचं एकपेशीय शेवाळ उजेडाचा माग काढत पोहतं. त्याच्याकडच्या एका प्रथिनावर निळा प्रकाश पडला, की पटलातलं दार उघडतं आणि धनभारित आयन आत शिरतात. हे जर्मनीतल्या नागेल, हेगेमान आणि बाम्बेर्ग यांनी गेल्याच वर्षी दाखवलं. त्या प्रथिनाचं जनुक आता या बशीतल्या पेशींत आहे. मात्र प्रथिनाला प्रकाश टिपायला रेटिनल लागतं, अ जीवनसत्त्वाचं भावंड. ते कुणी वेगळं घातलेलं नाही. सगळं इथंच अडू शकतं.

निळा झोत पडतो.

रेघ ताडकन उसळते, शून्याच्या वर जाते, खाली येते. पुन्हा झोत, पुन्हा उसळी. रेटिनल पेशीत मुळातच होतं! शेवाळ कसं पोहतं हे निव्वळ कुतूहलापोटी तपासणाऱ्यांचं ऋण मेंदूविज्ञानाने कधी विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता झपाट्याने पुढे चला. २००५ मध्ये शोधनिबंध छापून येतो. तंत्राला ‘ऑप्टोजेनेटिक्स’ हे नाव पडतं. आणखी बऱ्याच वर्षांनी पॅरिसमध्ये तुम्ही एका अंध माणसाजवळ बसला आहात. त्याच्या दृष्टिपटलात शेवाळाचंच दुसरं प्रथिन आहे, डोळ्यांवर प्रकाश फेकणारा खास चष्मा. समोर टेबलावर पेले मांडलेत. तो मान इकडेतिकडे फिरवतो आणि ते मोजायला लागतो.