इव्हँजेलिकल: उपासनामंदिर ते मतपेटी

गोव्यात ‘ख्रिस्ती’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो कॅथलिक धर्म: गावचे इगर्ज, डिसेंबरातले सेंट झेवियरचे फेस्त, बिशप आणि त्यांच्यामागे थेट रोमपर्यंत जाणारी अधिकारपरंपरा. त्यामुळे अमेरिकी निवडणुकांच्या बातम्यांत ‘इव्हँजेलिकल’ मतदारांचा उल्लेख आला की हे नेमके कोण, असा प्रश्न वाचकाला पडतो.

हा शब्द ‘शुभवर्तमान’ या अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दावरून आला. मराठी प्रॉटेस्टंट मंडळी त्यालाच ‘सुवार्ता’ म्हणतात. इव्हँजेलिकल हा स्वतंत्र धर्मपंथ नव्हे. बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन आणि कोणत्याही संघटनेत नसलेल्या स्वतंत्र मंडळ्या, अशा सर्वांतून वाहणारा तो एक प्रवाह आहे. अठराव्या शतकात जॉन वेस्ली, जॉर्ज व्हाइटफील्ड आणि जोनाथन एडवर्ड्‌स यांच्या प्रवचनांनी तो आकाराला आला. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये त्याची चार लक्षणे सांगितली: बायबलचे सर्वोच्च प्रामाण्य, ख्रिस्ताच्या क्रूसावरील बलिदानाला दिलेले केंद्रस्थान, व्यक्तिगत हृदयपरिवर्तनाचा आग्रह आणि श्रद्धा कृतीत उतरवण्याची तळमळ.

या चौथ्या लक्षणामुळेच राजकारण दूर ठेवता आलेले नाही. गुलामांच्या व्यापारावर १८०७ मध्ये बंदी आणणारे ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स याच प्रवाहातले. कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना प्रवेश मिळावा, यासाठी १८१३ च्या सनदी कायद्याच्या वेळी त्यांनीच जोर लावला. त्याच वर्षी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पुढे १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले, ते याच मिशनकडून. मात्र त्याच बायबलाचा आधार घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेतील बॅप्टिस्टांनी गुलामगिरीची पाठराखण केली आणि १८४५ मध्ये वेगळी संघटना काढली. त्याबद्दल सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने जाहीर क्षमा मागितली ती १९९५ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी.

उत्क्रांतिवाद शिकवल्याच्या आरोपावरून १९२५ मध्ये टेनेसी राज्यात शिक्षक जॉन स्कोप्स यांच्यावर खटला चालला. शिक्षकाला दंड झाला, पण देशभर हसे झाले ते फिर्यादी बाजूचे. त्यानंतर सनातनी मंडळी सार्वजनिक जीवनातून बरीचशी अंग काढून बसली. या अलिप्ततेवर कार्ल हेन्‍री यांनी १९४७ मध्ये घरातूनच टीका केली: समाजातील अन्यायाबद्दल मौन बाळगणारी सुवार्ता अपुरी होय, असा त्यांचा रोख होता. बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये निघालेल्या ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या नियतकालिकाचे ते पहिले संपादक झाले.

खरे वळण पुढचे आहे. व्हर्जिनियातील बॅप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल यांनी १९६५ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे मोर्चे ऐन भरात असताना, प्रवचनातून बजावले होते की धर्मोपदेशकाचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, राजकारणाचे नव्हे. याच फॉलवेल यांनी १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी रोनाल्ड रेगन यांच्या विजयाला हातभार लावला. पराभूत झालेले जिमी कार्टर स्वतः रविवारी बायबल शिकवणारे बॅप्टिस्ट होते, हे विशेष.

हा पालट कशाने झाला? गर्भपाताला मान्यता देणाऱ्या १९७३ च्या न्यायालयीन निकालाने, असे चळवळीतले लोक सांगतात. इतिहासकार रँडल बाल्मर यांना ते मान्य नाही. १९७१ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांनीच काही परिस्थितींत गर्भपाताची मुभा असावी, असा ठराव केला होता. बाल्मर यांच्या मते, ठिणगी पडली ती वर्णभेद पाळणाऱ्या शिक्षणसंस्थांची करसवलत सरकारने काढून घेतली तेव्हा. बॉब जोन्स विद्यापीठाने ती १९७६ मध्ये गमावली आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हार पत्करली. बाल्मर यांचे म्हणणे सर्वच अभ्यासक स्वीकारत नाहीत. पण १९७१ चा ठराव मात्र कागदावर आहे.

अमेरिकेबाहेर चित्र वेगळे. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे जगभरचे इव्हँजेलिकल जमले, तेव्हा लॅटिन अमेरिकेच्या रेने पादिया आणि सॅम्युएल एस्कोबार यांनी सामाजिक न्यायाचा प्रश्न लावून धरला. इंग्लंडचे जॉन स्टॉट यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या जाहीरनाम्यात धर्मप्रसाराबरोबर सामाजिक व राजकीय कार्यही ख्रिस्ती कर्तव्य ठरले.

मंडळीच्या अंतर्गत जीवनातही वाद आहेत. बॅप्टिस्ट परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त. वर बिशप नाही. या स्वातंत्र्याची दुसरी बाजू सदर्न बॅप्टिस्टांनी नेमलेल्या चौकशीच्या २०२२ मधील अहवालात उघड झाली: लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वरिष्ठांनी वर्षानुवर्षे दडपल्या होत्या आणि त्यासाठी स्थानिक स्वायत्ततेची ढाल पुढे केली जात होती. मात्र स्त्रियांना पाळकपद दिल्याबद्दल कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक या विशाल मंडळीला २०२३ मध्ये बाहेर काढताना ही स्वायत्तता आड आली नाही.

२०१६ मध्ये श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. बायबलाविषयी जवळपास तीच श्रद्धा बाळगणारे कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट बहुसंख्येने विरोधी पक्षामागे राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ने ट्रम्प यांना पदावरून दूर करावे, असा अग्रलेख लिहिला, तेव्हा सुमारे दोनशे इव्हँजेलिकल नेत्यांनी पत्र काढून त्याचा निषेध केला. तेव्हापासून काही जुने श्रद्धाळू हे नावच टाकून देत आहेत. उलट पूर्वी ते न लावणारे काही ट्रम्प समर्थक आता स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवून घेऊ लागले आहेत.