तव्यात मावणारा मासा: ब्लूगिल आणि छोट्या तळ्यांचा हिशेब

अमेरिकेत 'पॅनफिश' नावाचा एकही मासा नाही. हा शब्द स्वयंपाकघरातला आहे, प्राणिशास्त्रातला नाही. अख्खा तव्यात मावेल तो पॅनफिश. त्यात ब्लूगिल येतो, पम्पकिनसीड येतो, क्रॅपी येतो आणि पार वेगळ्या कुळातला यलो पर्चही येतो. आपण 'रश्श्याचे मासे' म्हणतो ना, तसंच काहीसं. पण या घरगुती वर्गातल्या एका माशाने, म्हणजे ब्लूगिलने, गेल्या शंभरेक वर्षांत मत्स्यशास्त्राला दोनदा आपलं मत बदलायला लावलं. मी पीएचडीसाठी जे वाचतोय त्यातला निम्मा तरी पसारा शेवटी या तळहाताएवढ्या माशापाशी येऊन थांबतो, म्हणून आज त्याची गोष्ट.

ब्लूगिल म्हणजे चपटा, उंच अंगाचा, कल्ल्याच्या टोकाला काळा ठिपका असलेला मासा. तोंड अगदी बारीक. त्यामुळे गळही बारीक लागतो आणि त्याला गांडूळ किंवा रातकिडा पुरतो. १८१९ मध्ये राफिनेस्क या निसर्गअभ्यासकाने त्याला लेपोमिस मॅक्रोकायरस हे शास्त्रीय नाव दिलं. (याच राफिनेस्कला पक्षीचित्रकार ऑड्युबनने गंमत म्हणून काही काल्पनिक माशांची वर्णनं सांगितली आणि त्याने ती खरी मानून छापली! ब्लूगिल मात्र खरा निघाला.) पुढे १८८७ मध्ये इलिनॉयच्या स्टीफन फोर्ब्सने 'तळं म्हणजे एक छोटं जगच' अशी मांडणी केली, तीही माशांची पोटं फाडून आत काय काय सापडतं ते वर्षानुवर्षं नोंदवल्यावर.

खरी उलथापालथ झाली अलाबामात. १९३०च्या दशकात अमेरिकेत मातीची धूप हा राष्ट्रीय प्रश्न होता. १९३५ मध्ये मृदा संधारणाचं केंद्रीय खातं निघालं आणि गावोगाव शेततळी खोदली जाऊ लागली. तळं झालं की शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: यात मासे कोणते सोडू? ऑबर्नच्या कृषी महाविद्यालयात होमर स्विंगल नावाचा प्राध्यापक होता. शिक्षणाने कीटकशास्त्रज्ञ, पण मासे गरवायची हौस दांडगी. त्याने आणि सहकाऱ्यांनी साधी पण कष्टाची पद्धत निवडली. तळ्यात मोजून बोटुकली सोडायची, काही काळाने बांध उघडून तळं पार कोरडं करायचं आणि आतला प्रत्येक मासा वजन करून नोंदवायचा. अंदाज नाही, नमुना नाही, सगळेच्या सगळे मासे. आज संख्याशास्त्राची एवढी आयुधं हाताशी असूनही मला त्या तक्त्यांचा हेवा वाटतो.

या तक्त्यांतून काय दिसलं? एखाद्या तळ्याचं पाणी ठरावीक वजनाचेच मासे पोसू शकतं. ते वजन शंभर मोठ्या माशांत वाटायचं की हजारो चिंगळ्यांत, हा खरा प्रश्न. नुसता ब्लूगिल सोडला तर तो भराभर वीण घालतो, तळं पिल्लांनी भरतं, खाणं कुणालाच पुरत नाही आणि सगळे चार बोटांएवढे राहून खुंटतात. मासे भरपूर, पण तव्यात घालण्याजोगा एक नाही. त्यावर स्विंगलचा उपाय म्हणजे लार्जमाउथ बास हा शिकारी मासा. दहा-पंधरा ब्लूगिलमागे एक बास सोडला की तो पिल्लं खातो आणि उरलेल्यांना वाढायला जागा होते. शिवाय तळ्यात खत टाकून पाणी हिरवं करायचं, म्हणजे प्लवक वाढतं. १९५० मध्ये त्याने 'संतुलित' तळ्याची मोजमापं छापली. त्यातलं एक म्हणजे एकूण वजनापैकी पकडण्याजोग्या माशांचं वजन किती टक्के. ते ३३ ते ९० च्या दरम्यान असेल तर तळं संतुलित. ब्लूगिलसाठी 'पकडण्याजोगा' म्हणजे सहा इंचांचा. म्हणजे पर्यावरणशास्त्राच्या एका निकषात चक्क तवा येऊन बसला होता.

याचा व्यावहारिक अर्थ लोकांनी झटकन लावला: ब्लूगिल कितीही काढा, कमी पडणार नाही. उलट जास्त काढा, तेवढं बरंच. १९४०च्या दशकात टेनेसी खोऱ्यातल्या नॉरिस जलाशयावर वर्षभर मासेमारी खुली झाली आणि त्यानंतर अनेक राज्यांनी बंदीचे हंगाम आणि रोजच्या मर्यादा सैल केल्या. आधीचे नियम बरेचसे भीतीपोटी केलेले होते, आता हातात वजनाचे आकडे होते. त्या काळात मी असतो तर मीही सही केली असती.

मग खटकलं कुठे? तर स्विंगलच्या हिशेबात मासा म्हणजे वजन. मासा स्वतः काही ठरवतो, हे त्यात कुठेच नव्हतं.

ते दाखवलं मिशिगनमधल्या अर्ल वर्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. १९७४ मध्ये त्यांनी दाखवलं की खाणं मुबलक असेल तर ब्लूगिल फक्त मोठे पाणपिसू निवडून खातो आणि टंचाई असेल तर मिळेल ते खातो. १९८३ मध्ये त्यांनी एक तळं मधोमध दुभागलं आणि एकाच बाजूला बास ठेवले. बास असलेल्या बाजूची लहान पिल्लं पाणवनस्पतीत दडून राहिली, बाहेर जास्त खाणं असूनही, आणि त्यामुळे हळू वाढली. मोठ्यांना बास गिळू शकत नाही, म्हणून ते खुशाल उघड्या पाण्यात चरत राहिले. तळ्यावर बसणाऱ्या जुन्या लोकांना हे अनुभवाने माहीत होतंच. झाडोऱ्यात गळ टाकला की चिंगळ्या लागतात, झाडोरा संपतो तिथे थोडं खोल टाकला की मोठा लागतो.

पण सर्वात महत्त्वाची गोष्ट विणीची. वसंतात पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की मोठे नर उथळ पाण्यात शेपटीने रेती उडवून ताटलीएवढे खळगे करतात, एकमेकांना लागून, वसाहत केल्यासारखे. मादी अंडी घालून निघून जाते. राखण करतो बाप. ओन्टारिओतल्या ओपिनिकन तळ्यावर मार्ट ग्रॉसने १९८०च्या दशकात दाखवलं की सगळे नर असे नसतात. राखणदार नर सुमारे सात वर्षांचे होईपर्यंत वाढतात. काही नर मात्र दोन वर्षांतच वयात येतात, घरटं बांधत नाहीत, ऐन वेळी घुसून अंडी फलित करून पळतात.

आता गळवाल्याच्या बाजूने बघा. विणीच्या दिवसांत मोठे नर उथळात एका जागी ठाण मांडून बसलेले, वर चिडके, समोर येईल त्याच्यावर झडप घालणारे. वर्षातली सर्वात सोपी मासेमारी हीच. आणि रीत काय? लहान सोडून द्यायचे, मोठे ठेवायचे. वाटतं जबाबदार, पण घडतं उलटं. राखणदार गेला की घरट्यातली अंडी आसपासचे मासेच फस्त करतात. शिवाय १९९०च्या दशकात इलिनॉयमध्ये झालेल्या प्रयोगात दिसलं की मोठे नर आसपास असले तर तरुण नर वयात येणं लांबवतात आणि वाढत राहतात. मोठे काढून टाकले तर लहान नर लवकर वयात येतात, ताकद वाढीऐवजी विणीवर जाते आणि आकार तिथेच अडतो. म्हणजे खुंटलेलं तळं केवळ गर्दीने होत नाही, ते मोठे मासे उचलल्यानेही होतं. हे स्विंगलच्या तक्त्यात दिसणं शक्यच नव्हतं.

विस्कॉन्सिनने १९९८ मध्ये पॅनफिशची रोजची मर्यादा ५० वरून २५ वर आणली. २०१६ पासून निवडक तळ्यांवर आणखी कडक नियम करून पाहिले, त्यात एक प्रकार फक्त विणीच्या महिन्यांपुरता होता. माझ्या मते सर्वांत शहाणा तोच, कारण मासा नेमका जिथे हतबल आहे तिथेच तो हात राखतो.

हाच मासा जपानलाही गेला. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी तत्कालीन युवराज आकिहितोंना ब्लूगिल भेट दिले, ते त्यांनी संशोधनासाठी मत्स्यसंस्थेला दिले आणि यथावकाश त्यांची संतती बिवा सरोवरापर्यंत पोचली. स्थानिक मासे मार खाऊ लागले. २००७ मध्ये सम्राट म्हणून त्यांनी जाहीरपणे याची खंत व्यक्त केली. ते स्वतः माशांचे अभ्यासक, त्यामुळे ते शब्द औपचारिक नव्हते असं मला वाटतं.

आपल्याकडे ब्लूगिलची जागा तिलापियाने घेतली आहे. उजनीकडचे लोक त्याला चिलापी म्हणतात. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला आणि तोही तसाच भराभर विणणारा, लवकर वयात येणारा, गर्दीत खुंटणारा. फरक एवढाच की त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे राखणदार बाप उचलण्याचा प्रश्न इथे तसाच्या तसा लागू होत नाही. बासचं काम आपल्या तळ्यांत मरळ करू शकते. पण मरळीला बाजारात भाव चांगला, म्हणून जाळ्यातून आधी तीच उचलली जाते आणि चिलापी मागे राहते.