झडप बसवल्यानंतरची शुश्रूषा

बेंगळुरूच्या हृदयोपचारांचा इतिहास सांगताना इमारती आणि शल्यविशारद आधी आठवतात. १९०० साली व्हिक्टोरिया रुग्णालय सुरू झाले, त्याच्याच आवारात १९७२ मध्ये जयदेव हृद्रोग संस्थेचा उगम झाला, पुढे २००० साली नारायण हृदयालय आले. पण झडपेच्या आजाराचा निम्मा इतिहास बाह्यरुग्ण विभागात परिचारिकेच्या टेबलापाशी घडला, असे माझे ठाम मत आहे. १९६० मध्ये स्टार-एडवर्ड्स ही कृत्रिम झडप यशस्वी ठरली, १९८४ मध्ये इनोउए यांनी आकसलेली झडप फुग्याने उघडण्याची रीत मांडली, १९९० मध्ये तिरुवनंतपुरममध्ये घडवलेल्या चित्रा या कृत्रिम झडपेचे पहिले रोपण झाले. यांपैकी एकाही शोधाने रुग्णाची रुग्णालयातून कायमची सुटका केली नाही. र्‍हुमॅटिक तापातून आजार जडलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. फुग्याने उघडलेली झडप पुन्हा आकसू शकते. धातूची झडप असेल, तर रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमची गोळी जन्मभर, आणि रक्त गोठण्याचा वेग मोजणारी आयएनआर तपासणीही. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. चित्रा झडपेमुळे झडप स्वस्त झाली, ही तारेवरची कसरत मात्र रुग्णाच्या वाट्यालाच राहिली.

हे डॉक्टर सांगतातच, असा आक्षेप येईल. सांगतात, पण गर्दीच्या ओपीडीत काही मिनिटांत. पालेभाजी बंद करायची नाही, तिचे प्रमाण सारखे ठेवायचे. चुकलेल्या गोळीपायी दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. दात काढण्याआधी झडपेविषयी सांगायचे. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी येऊन बोलायचे. एवढे समजायला वेळ लागतो, आणि भाषाही आपली लागते. बेळगाव-निपाणीकडून आलेल्या मराठी बाईला इंग्रजी कार्ड देऊन ते काम होत नाही. परिचारिका आधीच अपुऱ्या, त्या समजावत बसल्या तर वॉर्ड कोणी सांभाळायचा, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. नूरा हेल्थ या संस्थेने नारायणा हेल्थबरोबर (नारायण हृदयालयाचाच समूह) उभारलेल्या उपक्रमात परिचारिका नातेवाइकांना एकत्र बसवून शिकवतात, त्यामुळे एका तासात अनेक घरे शिकतात. तरीही झडपेच्या रुग्णाला खरी शंका येते ती घरी गेल्यावर कित्येक महिन्यांनी, डोस बदलल्यावर. त्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन तो ज्या टेबलापाशी येतो, तिथे प्रशिक्षित परिचारिका हवी, आणि तिच्या कामाच्या वेळापत्रकात या बोलण्यासाठी राखलेला वेळ हवा.