जेरार्ड स्ट्रीटची मा मेरिक

एव्हलिन वॉच्या ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’मध्ये ‘ओल्ड हंड्रेथ’ नावाचा एक रात्रीचा क्लब येतो. तो कुठल्या खऱ्या जागेवरून घेतला, हे शोधता शोधता मी लंडनच्या ४३, जेरार्ड स्ट्रीटला पोचलो. ही जागा एकेकाळी कवी ड्रायडनचं घर म्हणून ओळखली जाई. तिथे १९२१ पासून केट मेरिक नावाच्या आयरिश बाई क्लब चालवत. नवरा डॉक्टर, पण संसार मोडलेला. मुलांच्या शाळांचा खर्च भागवायला या धंद्यात पडले, असं त्या सांगत.

गिऱ्हाइकं त्यांना ‘मा’ म्हणत. बाई स्वतः दाराशी बसून प्रवेशाचे पैसे घेत. आत सरदार-दरकदार, नट, लष्करी अधिकारी आणि गुंडही. बहुतेक लेखक बाईंच्या गोड वागण्यावर थांबतात. मीही बराच काळ तिथेच अडकलो होतो. पण तिथे विकली जायची ती वेळ. त्याच १९२१ सालच्या कायद्याने दारूविक्रीचे तास बांधून दिले होते. बाकीच्यांचे गुत्ते बंद झाले की बाईंच्या बाटलीचा भाव चढे. बंदी उठली असती तर बाईंचाच धंदा बसला असता!

अर्थात बंदी पाळायला लावणाराही सांभाळावा लागे. असे क्लब तपासणाऱ्या सार्जंट गॉडर्डचा पगार आठवड्याला सहा-सात पौंड, आणि तिजोरीत सापडले १२,००० पौंड! १९२९ मध्ये लाचखोरीच्या खटल्यात त्याला १८ महिने सक्तमजुरी झाली, बाईंना १५ महिने. बाई त्याआधी १९२४ मध्येही सहा महिने होलोवे तुरुंगात राहून आल्या होत्या. गंमत अशी, की सासूबाई सक्तमजुरी भोगत होत्या तेव्हा त्यांचे दोन जावई, लॉर्ड डी क्लिफर्ड आणि अर्ल ऑफ किनूल, खानदानी उमराव होते.

बाईंचं आत्मचरित्र आलं १९३३ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत त्या वारल्या. पुस्तकात बड्या गिऱ्हाइकांची नावं भरपूर आहेत. पण तिथे पगारावर नाचायला ठेवलेल्या मुलीही होत्या. पहाटे घरी जाताना त्यांच्या हातात काय पडत होतं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मला जास्त आवडलं असतं.