जपानी ठशांच्या चित्रांतले सण आणि आपल्या तिथी



गणपती जवळ आले की आपल्याकडे दरवर्षी तोच वाद: चतुर्थीलाच की जवळच्या शनिवारी? हॉल तर वर्षभर आधीच बुक करावा लागतो! जपानने हा प्रश्न अख्ख्या देशासाठी एका फटक्यात सोडवला होता. त्याचे काय झाले ते जुन्या चित्रांत दिसते.

ही चित्रे कशी बनत?
उकियो-ए म्हणजे लाकडी ठशांनी छापलेली चित्रे. चित्रकार रेखाटन करी, कारागीर ते चेरीच्या फळीवर कोरी आणि छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरी. ती स्वस्त असत, सामान्य माणसेही विकत घेत.

सण कसे ओळखावेत?
हिरोशिगेची एदो (आजचे टोकियो) शहरावरची मालिका १८५६ ते १८५८ मधली. १८५७ च्या एका चित्रात सुइदो पुलाजवळ कापडी-कागदी मोठा मासा फडकतो: तो मुलग्यांचा सण. दुसऱ्यात घरांच्या छपरांवर बांबू आणि त्यांना बांधलेले रंगीत कागद: तो तानाबाता, आकाशातल्या दोन ताऱ्यांच्या भेटीचा सण.

तिथीचा हिशेब
तेव्हाचे जपानी पंचांग चांद्र होते. आपल्यासारखाच महिना अमावास्येपासून मोजत, अधिक महिनाही धरत. म्हणून साधारणपणे:

- बाहुल्यांचा सण (३रा महिना, ३रा दिवस): चैत्र शुद्ध तृतीया. म्हणजे आपली चैत्रगौर बसते तो दिवस!
- मुलग्यांचा सण (५वा महिना, ५वा दिवस): ज्येष्ठ शुद्ध पंचमी.
- तानाबाता (७वा महिना, ७वा दिवस): श्रावण शुद्ध सप्तमी, नागपंचमीनंतर दोन दिवसांनी.

१ जानेवारी १८७३ ला जपानने युरोपीय कॅलेंडर घेतले. आकडे तेच राहिले, ऋतू मात्र सुटले. हिरोशिगेच्या मालिकेत तानाबाता शरद ऋतूत मोडतो. आज ७ जुलैला टोकियोत पावसाळा असतो आणि तारे बहुधा ढगाआड. सेंदाई शहराने मात्र हा सण ६ ते ८ ऑगस्टला, जुन्या ऋतूच्या जवळ ठेवला आहे.

जर्मनीत कुठे पाहावीत?
हॅम्बुर्गच्या मुख्य स्टेशनाजवळच्या म्युझेउम फ्युअर कुन्स्ट उंड गेवेर्बेमध्ये असा मोठा संग्रह आहे. त्याचे पहिले संचालक युस्टुस ब्रिंकमन यांनी १९व्या शतकातच जपानी कला जमवायला सुरुवात केली. उजेडाने या चित्रांचे रंग उडतात, म्हणून ती थोडा काळच बाहेर मांडतात. मुलांना घेऊन जाण्याआधी चौकशी करावी. संग्रहातली बरीच चित्रे संकेतस्थळावरही आहेत.

आम्हाला वाटते, सेंदाईची वाट बरी. घरची पूजा तिथीला, मंडळाचा कार्यक्रम जवळच्या शनिवारी. चार दिवस इकडेतिकडे झाल्याने भाद्रपद सुटत नाही. पण मुलांना तिथी सांगायची राहिली, तर उरेल फक्त हॉलची तारीख.