धरणातला ‘गावरानी’

आमच्या आष्टीच्या बाजारात परवा एक ढिवर भाऊ तळहाताएवढे करडे मासे घेऊन बसला होता. ‘‘घ्या ना गुरुजी, धरणातला गावरानी हाये,’’ तो म्हणाला. मला हसू आलं. मासा होता चिलापी, म्हणजे तिलापिया. त्याचं मूळ घर आफ्रिकेत, मोझांबिककडे.

तो आशियात पसरला त्याची हकिकत गमतीची आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेरांग नदीच्या मुखाशी, मुजाइर नावाच्या माणसाला हे अनोळखी मासे सापडले. मोजून पाच! ते तिथे कसे पोचले, देव जाणे. त्याने ते पाळले, वाढवले. इंडोनेशियात आजही या माशाला ‘मुजाइर’च म्हणतात.

भारतात तो 1952 साली आणला गेला. गरिबाला स्वस्त मासा मिळावा, हा हेतू. रोहू-कटल्याचं बीज तलावात पुन्हा पुन्हा आणून सोडावं लागतं. चिलापीचं तसं नाही. मादी अंडी तोंडात सांभाळते. धोका दिसला की पिल्लंही तिच्या तोंडात शिरतात. दोन-तीन महिन्यांत पिल्लू स्वतःच आई होतं. मग तळी चिमुकल्या माशांनी भरली. 1959 मध्ये मत्स्यसंशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. पण माशाला फर्मान वाचून कोण दाखवणार?

भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पुरं झालं. आज तिथल्या मच्छीमारांचा चिलापी हा मोठा आधार आहे. भिगवणला गेलात तर खानावळीच्या पाटीवर त्याचं नाव दिसेल. असं जगात इतरत्रही घडलं. व्हेनिसच्या खाजणात 1983 मध्ये आशियातले शिंपले आणून सोडले आणि तिथल्या मच्छीमारांची चूल त्यावर पेटू लागली. 2023 मध्ये त्या भागात अमेरिकेकडच्या निळ्या खेकड्यांनी तेच शिंपले फस्त केले. पाहुण्यावर पाहुणा!

माझं आजोळ अप्पर वर्धाच्या पाण्याखाली गेलं. लहानपणी मामा नदीच्या डोहातून मरळ, वाम आणत. 1993 मध्ये धरण झालं आणि वाहतं पाणी साचलं. साचलेलं पाणी चिलापीला मानवतं. तो दुसऱ्या माशांची अंडी खातो, त्यांची जागा बळकावतो, ही तज्ज्ञांची तक्रार खरी आहे. पण नदी काही त्याने अडवली नाही.

मी अर्धा किलो घेतला. निघताना मरळीचं विचारलं.

‘‘आता लई कमी लागते गुरुजी,’’ तो म्हणाला, ‘‘पाऊस पडू द्या, मग पाहू.’’