ओरादूर : क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा?

१/ मध्य फ्रान्समधील लिमोज शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, ग्लान या लहानशा नदीच्या खोऱ्यात ओरादूर-सूर-ग्लान वसले आहे. या नावाची दोन गावे येथे शेजारी शेजारी आहेत : एक नांदते, दुसरे भग्न. भग्न गावाच्या प्रवेशद्वारी पाटी आहे, 'स्मरण ठेव'. आत छप्पर नसलेली दगडी घरे, मोटारींचे गंजलेले सांगाडे, शिवणयंत्रे आणि लिमोजच्या ट्रामचे रूळ.

२/ १० जून १९४४, शनिवार. नॉर्मंडीत दोस्त सैन्य उतरून चारच दिवस झाले होते. त्या आघाडीकडे निघालेल्या 'दास राइख' या एस. एस. चिलखती डिव्हिजनच्या एका तुकडीने दुपारी गावाला वेढा घातला. आदल्याच दिवशी याच डिव्हिजनने त्यूल येथे ९९ पुरुषांना फासावर लटकवले होते.

३/ पुरुषांना कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या व आग लावली. स्त्रिया आणि मुले चर्चमध्ये कोंडली गेली. तेथे धूर, गोळीबार आणि मग आग. चर्चमधून एकच स्त्री वाचली : मार्गेरित रूफांश. वेदीमागील खिडकीतून तिने उडी टाकली. मृतांची आज मान्य असलेली संख्या ६४३ आहे; त्यांत दोनशेहून अधिक मुले होती.

४/ मार्च १९४५ मध्ये द गॉल येथे आले. अवशेष जसेच्या तसे राखावेत आणि नवे गाव शेजारी उभारावे, असे ठरले. १९४६ मध्ये भग्न गावाला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. येथवर राष्ट्र आणि गाव यांचे दुःख एकच होते.

५/ फूट पडली ती १९५३ मध्ये. बोर्दो येथील लष्करी न्यायालयात २१ आरोपी उभे राहिले. त्यांपैकी १४ जण अल्सासचे, म्हणजे फ्रेंच होते. १९४० मध्ये जर्मनीने अल्सास गिळंकृत केले आणि १९४२ पासून तेथील तरुणांना सक्तीने सैन्यात भरती केले. या १४ जणांतील १३ जण असेच भरती झालेले होते. अशांना फ्रान्समध्ये 'मालग्रे-नू', म्हणजे 'आमच्या इच्छेविरुद्ध', म्हणतात.

६/ निकालात शिक्षा झाल्या आणि अल्सास पेटून उठले : आम्हीही नाझींचेच बळी, मग शिक्षा आम्हालाच का? राष्ट्रीय ऐक्याला तडा जाईल, या भीतीने संसदेने अवघ्या आठवडाभरात त्या १३ जणांना माफी देणारा कायदा केला. बाजूने ३१९ मते, विरोधात २११.

७/ ओरादूरने सरकारने दिलेली सन्मानचिन्हे परत केली. शासनाच्या प्रतिनिधींना स्मृतिदिनी येण्यास मज्जाव केला. मृतांच्या अस्थी सरकारी स्मारकात ठेवण्यास नकार दिला. माफीच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांची नावे गावाच्या वेशीवर फलकांवर लावली; ती अनेक वर्षे तेथे होती.

८/ डिव्हिजनचा सेनापती लामरडिंग याला दुसऱ्या एका खटल्यात, त्याच्या गैरहजेरीत, मृत्युदंड झाला होता. तो कधीच फ्रान्सच्या हाती लागला नाही. १९७१ मध्ये जर्मनीत त्याला नैसर्गिक मरण आले.

९/ २०१३ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष गाउक आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी या अवशेषांत वाचलेल्या रोबेर एब्रास यांचा हात हाती घेतला. एब्रास हे त्या हत्याकांडातून बचावलेल्यांपैकी अखेरचे. २०२३ मध्ये ते निवर्तले.

१०/ अल्साससाठी माफी हा न्याय होता, ओरादूरसाठी तोच दुसरा घाव. संसदेने ऐक्य निवडले, परंतु त्याची किंमत ज्यांनी चुकवली त्यांची संमती घेतली नाही. साक्षीदार आता उरले नाहीत; पावसाने भिंतीही झिजत आहेत. म्हणून या गावात पाऊल ठेवणाऱ्याने १० जूनच्या जोडीने फेब्रुवारी १९५३ देखील ध्यानी ठेवायला हवा.

#इतिहास #दुसरे_महायुद्ध